सिस्टर ट्यूटरची पदवी

सोलापूरचे सुपुत्र डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये रुग्णसेवा करीत असता 1942 साली निवर्तले, याचा अभिमान शहराने यथोचित बाळगला आहे. परंतु त्यांच्या पत्नी ग्वो चिंगलान परिचारिका होत्या, याचा उल्लेख क्वचितच कोणी करतो, आणि परिचारिकेच्या वाट्याला येणारे हे विस्मरण काही एकट्या सोलापूरचे नव्हे. योगायोग असा की, कोटणिसांवरील शांतारामांचा चित्रपट ज्या 1946 साली पडद्यावर आला, त्याच साली दिल्ली आणि वेल्लोर येथे नर्सिंगचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. पदव्युत्तर शिक्षणाला दिल्लीत 1959 साली आरंभ झाला.

आज एम.एस्सी. नर्सिंग दोन वर्षांचे आहे. बी.एस्सी.नंतर वर्षभराच्या कामाच्या अनुभवाचा दाखला असल्यावाचून प्रवेश नाही, ही अट मला साऱ्या अभ्यासक्रमात सर्वांत शहाणपणाची वाटते. कारण पुढे पाठटाचण, प्रबंध आणि हजेरीपट यांच्या गराड्यात रुग्णाची खाट दूर जाण्याचे भय असतेच. त्यावर उतारा म्हणूनच की काय, भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी 'नर्स प्रॅक्टिशनर'चा निवासी अभ्यासक्रम आखला, ज्यात शिक्षणाचा बहुतेक काळ रुग्णाजवळच जातो. तालीम मिळाली खरी. पण तिला साजेसा हुद्दा आणि अखत्यार देताना सरकारी दप्तर नेहमीप्रमाणे सावकाश चालते.

या शिक्षणाचे मोल मात्र रुग्णाच्या खाटेपाशीच कळते; त्यासाठी आता सोलापुरातल्या एखाद्या वॉर्डाची कल्पना करावी. पूर्वभागातील तेलुगुभाषक विणकर घराण्यातली एक म्हातारी खाटेवर आहे. पाचशे मिलिलिटर सलाइन आठ तासांत द्यावयाचे, आणि संचातून मिलिलिटरला वीस थेंब पडतात, म्हणजे मिनिटाला एकवीस, असा हिशेब करून विद्यार्थिनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत थेंब मोजते आहे. हिशेब बिनचूक असतो. मागे उभ्या असलेल्या सिस्टर ट्यूटर, म्हणजे तिच्या एम.एस्सी. झालेल्या शिक्षिका, मात्र बाटलीकडे पाहतही नाहीत. त्या म्हातारीच्या हातावर, सुईच्या जरा वर, दोन बोटे ठेवतात. कातडी गार लागते, किंचित फुगलेली. सलाइन शिरेबाहेर झिरपते आहे. त्या चिमटा फिरवून थेंब थांबवतात आणि विद्यार्थिनीला काही बोलण्याआधी म्हातारीकडे वाकून विचारतात, "अम्मा, नोप्पी उंदा?"

म्हातारी मान हलवते. दुखत तर मघापासूनच होते.