जालना टू मुंबई, व्हाया 1911

कल्पना करा. तुमचा पगार एका चलनात होतो आणि मुंबईत खर्च मात्र दुसऱ्याच चलनात करावा लागतो. ऑफिसच्या कॅलेंडरवर 1320 साल सुरू आहे. घरी तुम्ही मराठी बोलता, पण साहेबाच्या टेबलावर जाणारी फाईल उर्दूत लिहावी लागते. सायन्स फिक्शन वाटतंय? नाही हो! हे आपलं जालनाच आहे. साल फक्त 1911.

त्या वर्षी पूर्ण झालेल्या एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या अकराव्या आवृत्तीत जालन्यावर एक छोटीशी नोंद आहे. मुंबईपासून 210 मैल, 1901 ची लोकसंख्या 20,270, बागांमधली फळं मोठ्या प्रमाणावर बाहेर जातात, आणि कुंडलिका नदीच्या पलीकडे कादराबाद ही व्यापारी पेठ, लोकसंख्या 11,159. संपलं! दोन्ही मिळून एकतीस हजारांच्या आसपास माणसं. 2011 च्या जनगणनेत हाच आकडा 2 लाख 85 हजारांवर गेला होता. (फळांचं म्हणाल तर जालन्याच्या मोसंबीला जीआय टॅग मिळायला 2016 उजाडावं लागलं.)

त्याच नोंदीत एक ओळ अशी आहे, जिच्यावर पटकन नजर थांबत नाही. 1827 पासून इथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती आणि ती 1903 पर्यंतच राहिली. म्हणजे पाऊणशे वर्षं ज्या फौजेच्या जिवावर दूधवाले, धोबी, शिंपी, दाणेवाले जगले, ती फौजच निघून गेली. आजच्या भाषेत सांगायचं तर शहराचा सगळ्यात मोठा क्लायंट एका फटक्यात गेला! पण त्याआधी दोन-तीन वर्षंच मनमाड-सिकंदराबाद रेल्वे सुरू झाली होती. माझ्या मते जालना वाचलं ते या टायमिंगमुळे. छावणी गेली, पण कापसाच्या गाठी मुंबईकडे नेणारा रूळ आला. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण आजही जालनेकर कौतुकाने सांगतात. त्या सोन्याला रेल्वेचा मोठाच हातभार लागला.

चार गोष्टी बदला, मुंबई गाठा

आता 1911 मधला एखादा अडत्याचा मुलगा डोळ्यांसमोर आणा. मोंढ्यातलं काम आटोपून तो मुंबईला निघालाय. ही गाडी मीटर गेजची, म्हणजे छोट्या रुळांची. मनमाडला उतरायचं आणि जीआयपी रेल्वेच्या मोठ्या गाडीत बसायचं. कापसाच्या गाठीही तिथेच एका डब्यातून दुसऱ्या डब्यात चढवायच्या, हमालांच्या पाठीवरून.

खिशातले पैसेही बदलायचे. निजामाचा ‘हाली सिक्का’ वेगळा, त्यावर चारमिनारचं चित्र. इंग्रजांचा रुपया म्हणजे ‘कलदार’, आणि तो हालीपेक्षा महाग. शंभर कलदारांसाठी साधारण 116 हाली मोजावे लागत. तारीखही बदलायची, कारण निजामाच्या कचेऱ्यांत फसली साल. ऑक्टोबर 1911 मध्ये तिथे 1321 लागलं आणि पहिला महिना आजूर. एवढं करून पठ्ठ्या मुंबईत उतरला की घड्याळही मागे घ्यायचं! रेल्वे चाले भारतीय प्रमाणवेळेवर, पण मुंबई शहर 39 मिनिटं मागच्या ‘बॉम्बे टाइम’ला चिकटून बसलेलं. ही हटवादी मुंबई वळणावर आली थेट 1955 मध्ये.

मनमाडची अदलाबदल मात्र आपल्या आई-बाबांच्या पिढीनेही अनुभवलीय. जालन्याला मोठे रूळ आले ते 1990 च्या दशकात. आणि 30 डिसेंबर 2023 ला तर जालन्याहून मुंबईला वंदे भारतच सुटली.

नोकरी हवी? उर्दू येतं का?

इंग्लिश कच्चं म्हणून इंटरव्ह्यूत घाम फुटलेल्यांनी हे जरूर वाचावं. तेव्हा जालना औरंगाबाद जिल्ह्यात होतं (वेगळा जिल्हा झाला 1 मे 1981 ला) आणि जिल्ह्याच्या साहेबाला म्हणत ‘अव्वल तालुकदार’. गावचं दप्तर मराठीत चाले, पण वरच्या कचेरीची आणि कोर्टाची भाषा उर्दू. त्यामुळे बढती हवी असलेला देशस्थाचा मुलगा असो की मराठ्याचा, उर्दूशिवाय त्याचं पान हलत नसे. 1918 मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं 1958 मध्ये. मधली चाळीस वर्षं ज्यांना ती भाषा जमली नाही, त्यांचं काय झालं असेल?

इकडे पुण्या-मुंबईचा मराठी माणूस वेगळ्याच गोष्टींनी भारलेला. 12 मार्चला ‘मानापमान’चा पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांची छोटी मुलगी गेली, तरी ते रंगमंचावर उभे राहिले. लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात होते, आणि जुलैमध्ये सावरकरांना अंदमानात नेलं गेलं. जगाचं म्हणाल तर 18 फेब्रुवारीला अलाहाबादहून सुमारे साडेसहा हजार पत्रं घेऊन विमान नैनीला उतरलं. 21 ऑगस्टला पॅरिसमधून मोनालिसा चोरीला गेली.

जालन्यासाठी मात्र ऑगस्टची खरी बातमी आठ दिवसांनी आली. 29 तारखेला सहावे निजाम मीर महबूब अली खान वारले, वयाच्या 45 व्या वर्षी. रयतेत लाडके. त्यांचं नाव घेतलं की सापाचं विष उतरतं, अशी लोकांची श्रद्धा! गादीवर आले 25 वर्षांचे उस्मान अली खान.

डिसेंबरमध्ये दिल्ली दरबार भरला. 12 तारखेला पंचम जॉर्जपुढे नव्या निजामाने रीतसर मुजरा केला. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड मात्र एकदाच वाकले आणि राजाकडे पाठ करून चालू लागले. इंग्रजी पेपरांनी आकाशपाताळ एक केलं, महाराजांना खुलासाही द्यावा लागला. आपल्या मराठी राजाचा हा किस्सा जालन्यात चवीने चघळायला हरकत नव्हती, पण हळू आवाजात. इथला राजा दरबारात मुजरा करणाऱ्यांपैकी होता. त्याचं राज्य इथे आणखी 37 वर्षं, 17 सप्टेंबर 1948 पर्यंत चाललं.