करंजीचे स्थळ

गेल्या दिवाळीत मंडळाच्या कार्यक्रमाला आलेल्या चार कुटुंबांनी आमच्या करंजीची पिल्ले परस्पर बोलून ठेवली. करंजी म्हणजे आमची पोमेरेनियन कुत्री. वय तीन वर्षे, वजन साडेपाच पौंड, आणि अंग मुडपून झोपली की आकार अगदी नावाप्रमाणे. सासूबाईंनी पुण्याहून फोनवर शिफारस केली, "जावईबापू, मुक्या जनावराला एकदा तरी आईपण मिळू दे हो!" स्थळही सांगून आले होते. आमच्याच गावातला एक नारिंगी, देखणा नर.

अडचण एवढीच होती की करंजी पळता पळता मधेच मागचा डावा पाय उचलते, दोन-तीन उड्या तीन पायांवर मारते आणि काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा पळू लागते. आम्ही त्याला नखरा समजत होतो. लसीकरणाच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी गुडघ्यावर अंगठा ठेवून वाटी हलकेच आत ढकलली. ती सरकली आणि बोट काढताच जागेवर आली. "पहिली श्रेणी. सौम्य आहे. वजन वाढू देऊ नका," त्या म्हणाल्या. पिल्लांचा विषय काढला तेव्हा मात्र त्या थांबल्या. "सौम्य हा शब्द मी या गुडघ्यापुरता वापरला," एवढेच बोलल्या.

माझा प्रबंध यंत्र अभियांत्रिकीतला, पोट सॉफ्टवेअरवर. त्यामुळे आधी यंत्र समजून घेतल्याशिवाय मला चैन पडेना. विहिरीवरची कप्पी आठवा. चाकाला खोल खाच असते म्हणून दोर जागेवर राहतो. खाच उथळ झाली किंवा दोर तिरका ओढला गेला की तो घसरतो. मांडीच्या हाडाच्या टोकाला अशीच खाच असते आणि गुडघ्याची वाटी तिच्यातून वरखाली सरकते. छोट्या जातींत ही खाच पुष्कळदा उथळ असते आणि पायाचे हाड किंचित वळलेले असल्याने ओढ आतल्या बाजूला पडते. पहिल्या श्रेणीत वाटी ढकलली तरच सरकते आणि आपण होऊन परतते. दुसरीत ती अधूनमधून स्वतःच निसटते. तिसरीत बहुतेक वेळ बाहेरच असते, हाताने बसवावी लागते. चौथीत हातानेही बसत नाही. वरच्या श्रेणींत खाच खोल करण्याची आणि नडगीच्या हाडाचा उंचवटा हलवून ओढ सरळ करण्याची शस्त्रक्रिया करतात. खर्च काही हजार डॉलर, आणि पाय दोन!

आता वारशाचे. काही दोष एकाच जनुकामुळे होतात. छोट्या पूडल कुत्र्यांत दृष्टिपटल हळूहळू निकामी करणारा एक आजार असा आहे. त्याची डीएनए चाचणी मिळते, आणि दोषाची एकच प्रत बाळगणाऱ्या निरोगी कुत्रीला दोष नसलेला जोडीदार दिला तर एकही पिल्लू त्या आजाराने आंधळे होत नाही. तिथे हिशेब स्वच्छ आहे. गुडघ्याचा दोष तसा नाही. तो अनेक जनुकांच्या बेरजेतून येतो, आणि गुडघे तपासण्याऐवजी वापरता येईल अशी जनुकीय चाचणी त्याला नाही.

एक टाकी डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक प्रतिकूल जनुक तिच्यात एकेक पेला ओततो. जास्तीचे वजन, गुळगुळीत फरशी हेही थोडे थोडे ओततात. पाणी काठापर्यंत असेस्तोवर बाहेर काहीच दिसत नाही. काठावरून गेले की वाटी सरकू लागते. करंजीची टाकी जेमतेम काठावरून गेली आहे, म्हणून ती 'सौम्य'. पण पिल्लांना टाकी मिळत नाही, पेले मिळतात. आईच्या जनुकांतले निम्मे, बापाच्यातले निम्मे, आणि कोणते निम्मे ते नशिबावर. एखाद्या पिल्लाला दोघांचेही वाईट तेवढेच मिळू शकतात. धडधाकट दिसणाऱ्या नराची टाकीही काठाच्या बोटभर खाली असू शकते. यंत्रशाळेतला अनुभव असाच आहे. प्रत्येक भाग आपापल्या टॉलरन्समध्ये पास, आणि जोडणी मात्र बसत नाही.

म्हणूनच एकट्या कुत्रीच्या श्रेणीपेक्षा तिचे नातेवाईक जास्त सांगतात. आपल्याकडे मुलगी पाहायला गेल्यावर तिच्या भावंडांची चौकशी करायचे, ते इथे अगदी शास्त्रशुद्ध ठरते. करंजी जिच्याकडून घेतली त्या बाईंना मी पत्र लिहिले. उत्तर प्रामाणिक आले. करंजीच्याच वेतातल्या एका बहिणीच्या दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाली होती.

नराच्या मालकाला विचारले, "गुडघे तपासलेत का?" ते म्हणाले, "अहो, कसा पळतो बघा!" १९६६ साली स्थापन झालेली ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर ॲनिमल्स ही संस्था निर्दोष गुडघ्यांची नोंद ठेवते. कुत्रा बारा महिन्यांचा झाला की साध्या हाताच्या तपासणीवर काम होते, क्ष-किरणसुद्धा लागत नाहीत. तेवढीही पत्रिका दाखवायला वरपक्ष तयार नव्हता.

घरात वाद झाला. सौ.चे म्हणणे असे की सौम्य दोषाची प्रत्येक कुत्री बाद केली तर उरणार किती? हा मुद्दा खोटा नाही. बंद वंशावळीच्या जातीत आधीच सगोत्र विवाह फार (आपले मामेबहिणीचे प्रकरण त्यापुढे काहीच नाही), त्यात निवड आणखी आखडली तर दुसरेच रोग वर येतात. करंजी एखाद्या दुर्मीळ जातीतली असती, तिची भावंडे धड असती आणि नर तपासलेला असता, तर मी कदाचित हो म्हटले असते. पण पोमेरेनियनना तोटा नाही. व्हिक्टोरिया राणीने १८८८ मध्ये फ्लॉरेन्समध्ये घेतलेला मार्को बारा पौंडांचा होता. आज अमेरिकन केनेल क्लबच्या मानकात तीन ते सात पौंड आहे. एवढ्या लहान आईच्या पोटात एकच मोठ्या डोक्याचे पिल्लू असले तर त्रेसष्ट दिवसांनी सिझेरियनची पाळी येऊ शकते, आणि पाजताना रक्तातले कॅल्शियम घसरून झटके येण्याचा धोका छोट्या कुत्र्यांत जास्त. शिवाय एकदा विण्याने कुत्रीच्या प्रकृतीला काही फायदा होत नाही. हे सासूबाईंना सांगायचे काम मी सौ.वर सोपवले.

मुलीने, जी या उन्हाळ्यानंतर कॉलेजला जाईल, शेवटी विचारले, "पिल्लू लंगडं निघालं तर ऑपरेशनचे पैसे आपण देणार का?" त्या चार घरांपैकी एकात नुकतीच नोकरी गेलेली होती. मी नाही म्हणालो, आणि तिथेच विषय संपला.

मार्चमध्ये करंजीची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाली. उतारवयात गर्भाशयात पू होण्याची भीती त्याने गेली. जिन्यावर गालिचा घातला आहे आणि तुपातली पोळी बंद आहे, निदान माझ्यासमोर तरी. चारही घरी मी स्वतः फोन केले. तिघांनी समजून घेतले. चौथे जरा घुश्शात आहेत. त्यांनी आता त्या नारिंगी नराच्या पुढच्या पिल्लांपैकी एक बोलून ठेवले आहे असे कळले, म्हणून मी पुन्हा फोन केला आणि घेण्याआधी आईबापांचे गुडघे कोणाकडून तरी तपासून घ्या, असे सांगितले. "बघू," म्हणाले.