रोजा आपला, मांजरीचा नव्हे

घाटकोपरला आमच्या मजल्यावर सूर्यास्ताची वेळ मोठी मजेची असते. समोरच्या घरातल्या जैन बेन चौविहार पाळतात. म्हणजे सूर्य मावळला की अन्न नाही, पाणीही नाही. त्यांच्याकडे भांडी घासून ओटा पुसला जात असतो, नेमक्या त्याच वेळी आमच्या दस्तरखानावर खजूर, फळं आणि भजी मांडली जातात. एकाच मावळतीला एक स्वयंपाकघर बंद होतं आणि दुसरं उघडतं. मधल्या पॅसेजमध्ये बसून दोन्ही दारांकडे पाहत असते ती मनी, बेनची मांजर.

दोन पावसाळ्यांपूर्वी मनी जिन्याखाली भिजत पडलेली सापडली. बेननी तिला घरात घेतलं. दूधभात, पनीर, तूप लावलेली पोळी, सगळे लाड झाले. गाडीखाली येईल म्हणून मजल्याच्या जाळीबाहेर तिला जाऊ देत नसत. गेल्या हिवाळ्यात मात्र संध्याकाळी चालताना मनी खुर्चीच्या पायांना धडकू लागली. प्राण्यांच्या डॉक्टरांनी डोळे तपासले आणि विचारलं, ''खाते काय?'' उत्तर ऐकून ते म्हणाले, ''बेन, तुमचं जेवण चांगलंच आहे, पण ते हिचं नाही.''

मांजर हा मांसाहारावरच जगणारा प्राणी. टॉरीन नावाचा घटक तिच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही, तो मांस-मासळीतून मिळावा लागतो. तो कमी पडला की डोळ्यांचा पडदा खराब होतो, हृदय कमकुवत होतं. हृदयाच्या आजाराशी असलेला हा संबंध अमेरिकी संशोधकांनी 1987 साली दाखवून दिला. गाजरातल्या रंगद्रव्यापासून आपलं शरीर 'अ' जीवनसत्त्व बनवतं, मांजरीला तेही जमत नाही. आता कारखान्यात टॉरीन बनतं आणि ते घातलेलं शाकाहारी खाणंही मिळतं. पण डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय त्यावर विसंबू नये, असं आमच्या डॉक्टरांनी बजावलं. कुत्र्याचं वेगळं आहे. माणसाच्या सोबतीने राहून तो पिष्टमय अन्न पचवायला शिकला. त्याच्या जनुकांतला हा बदल 2013 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी मांडला. नीट आखलेल्या शाकाहारावर कुत्रा जगू शकतो. मांजरीचं तसं नाही.

हे ऐकून मी मनात थोडा सुखावलो, खोटं कशाला बोलू? आमच्या घरी मांस-मासळी असते, म्हणजे मुक्या जनावरांची सोय आमच्याकडेच, असं वाटलं. बोलता बोलता मी डॉक्टरांना सांगितलं, की गेल्या रमजानमध्ये इमारतीच्या दारातल्या शेरूला मी रोज इफ्तारनंतर उरलेला खिमा घालत होतो. महिनाअखेरीस तो मलूल झाला होता, उठेना. मला वाटलं, उन्हाळा बाधला. डॉक्टरांनी विचारलं, ''खिम्यात कांदा किती?'' कांदा-लसणाने कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मनुक्यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, म्हणजे ईदचा शीरखुर्माही बाद. शिजवलेलं हाड फुटून त्याचे टोकदार तुकडे आतड्यात रुतू शकतात. शेरू वाचला, पण माझी मान खाली गेली. माझ्या खिम्यापेक्षा बेनची बिनकांद्याची खिचडी त्याच्यासाठी बरी होती. चूक दोन्ही घरांची सारखीच होती. आपल्या ताटातलं पवित्र ते सगळ्यांनाच मानवतं, असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो.

लहानपणी मदरशात ऐकलेली एक हदीस तेव्हा आठवली. एका बाईने मांजरीला कोंडून ठेवलं आणि त्यापायी तिला शिक्षा झाली. मी ती नेहमी 'उपाशी ठेवू नका' एवढीच समजत आलो. पण तिच्यात दोन गोष्टी आहेत. बाईने तिला स्वतः खाऊ घातलं नाही आणि जमिनीवरचे जीव खायला मोकळंही सोडलं नाही. म्हणजे मांजरीचं म्हणून एक अन्न आहे, हे त्या हदीसमध्येच मान्य केलेलं आहे. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीचं पाणी पाजणाऱ्याला क्षमा मिळाली, तीही हदीसच. हलाल-हरामचा हिशेब माणसाला द्यायचा आहे. मनीवर ना रोजा फर्ज आहे, ना चौविहार.

या शहराला हा प्रश्न नवा नाही. 1832 साली इंग्रज सरकारने मुंबईतली मोकाट कुत्री मारण्याची मोहीम चालवली, तेव्हा पारशी रस्त्यावर उतरले. हिंदू, जैन आणि इस्माइली मुसलमानही त्यांच्यासोबत आले. त्यानंतर दोनच वर्षांत भुलेश्वरची पांजरापोळ उभी राहिली. तिच्यामागे जमशेटजी जीजीभॉय हे पारशी आणि मोतीशा शेठ हे जैन होते. दोघांचे धर्म वेगळे, जेवणं वेगळी, पण मुक्या जिवासाठी ते एकत्र आले. आज 1960 चा कायदाही पाळलेल्या जनावराला पुरेसं अन्न-पाणी देणं मालकावर बंधनकारक करतो.

पण कायद्याने बेनचा पेच सुटत नव्हता. मी म्हटलं, ''मासळी आमच्याकडे शिजवू, वाटी आमच्या दारात ठेवू. तुम्ही फक्त मनीला पाठवा.'' त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, ''भाई, आमच्यात हिंसा करणं, करवून घेणं आणि तिला संमती देणं, तिन्ही सारखंच. तुमच्या हातून मी ते करवून घेतलं, तर दोष मलाच.'' त्यावर मला उत्तर नव्हतं. चार दिवसांनी त्यांनी मनीची टोपली, कंगवा आणि तिचा जुना टॉवेल आमच्या दारात आणून ठेवला. ''आजपासून ही तुमची,'' एवढंच बोलल्या आणि दार लावून घेतलं. त्या संध्याकाळी त्यांच्याकडे भांड्यांचा आवाज लवकरच थांबला.

व्रत मोडायचं नव्हतं आणि मनीचे डोळेही जाऊ द्यायचे नव्हते. म्हणून बेननी मनीच सोडली. उपवास आम्हीही करतो, पण एवढा मोठा त्याग मी जवळून प्रथमच पाहिला.

गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकेल, असं डॉक्टर म्हणतात. आता सहेरीनंतर मी मनीपुढे मीठ-मसाला न घालता उकडलेली, काटे काढलेली मासळी आणि तिचं कोरडं खाणं ठेवतो. दुपारी माझा घसा कोरडा पडलेला असतो, तेव्हाही तिची वाटी भरतो. पोट भरलं की ती पॅसेज ओलांडून बेनच्या दारापाशी जाऊन बसते. बेन दार उघडतात, तिला मांडीवर घेऊन केस विंचरतात. सूर्य कलला की उठतात आणि म्हणतात, ''जा, तुझ्या घरी अजानची वेळ झाली.''