उशाशी असलेला डोंगर

साताऱ्याच्या उशाशीच अजिंक्यतारा उभा आहे. तरीही निसर्ग पाहावयाचा म्हणजे आमच्यापैकी कित्येकजण वर्षातून एकदा कासला जातात. कासचे पठार हे २०१२ साली जागतिक वारसा ठरलेल्या पश्चिम घाटाचा भाग होय. तेथे जांभ्या खडकावर मातीचा थर अत्यंत पातळ. त्यावरच पावसाळ्यात दवबिंदू, सीतेची आसवे या कीटकभक्षी वनस्पती फुलतात. त्या मातीस पावलांची गर्दी सोसवेना, म्हणून फुलांच्या हंगामात प्रवेशास मर्यादा घालावी लागली.

यात्रेसारखे घेतलेले दर्शन निराळे आणि नित्याचा सहवास निराळा. रोज काही काळ उघड्यावर, दिवसाच्या उजेडात खेळणाऱ्या मुलांस दूरचे अंधुक दिसण्याचा दोष कमी जडतो, असे वैद्यकीय प्रयोगांत दिसून आले आहे. (पुस्तकांत बुडालेल्या आमच्या मित्रांनी हे वाक्य पालकांस अवश्य दाखवावे!) दिवसाच्या उजेडात किल्ला चढणाऱ्या सातारकर मुलांस हा लाभ फुकट मिळतो.

सांगली शहर कृष्णाकाठच्या सपाटीवर वसलेले. उशाशी डोंगरी किल्ला नाही. परंतु त्याच जिल्ह्यात सागरेश्वरच्या उजाड टेकड्यांवर धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने वृक्ष लावले गेले, आणि १९८५ साली ते अभयारण्य झाले. तेथे आता सांबर व चितळ चरतात. वन माणसांनी लावलेले आहे, याची त्यांस दखलही नसावी.