उंच सेंटरला अडवायचं कसं?



तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस बास्केटबॉलवर काय बोलणार, असं तुमच्या मनात आलं असेल. रास्त आहे. पण कॉलेजच्या मुलींच्या संघाबरोबर व्यवस्थापक म्हणून आम्ही अमरावती-अकोला बरंच फिरलो, आणि त्यातली एक चूक अजून सलते. समोरच्या संघाची सेंटर सहा फुटांची, आमची मुलगी पाच फूट तीन इंच. तिनं विचारलं, "सर, तिले अडवू कशी? थे तं नुसता हात वर करते अन् झालं!" आम्ही म्हणालो, "जोर लाव." १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ज्या गावात आहे, तिथल्या माणसाला आधी जोरच सुचतो. तिनं लावला. मध्यंतराच्या आत पाच फाऊल होऊन ती बाहेर बसली. परतताना बसमध्ये सगळ्यांनी दोष तिलाच दिला, आणि आम्ही गप्प राहिलो.

दोष आमच्या विचारात होता. न्यायदर्शनात 'कारणसामग्री' अशी कल्पना आहे. नुसत्या सरकीतून पऱ्हाटी उगवत नाही. जमीन, ओल, ऊब सगळं जुळावं लागतं. एक गोष्ट काढली की कार्य घडत नाही. सेंटरच्या बास्केटचंही तसंच. उंची हवी, पण रिंगजवळची जागाही हवी, पास देणारीचे हात मोकळे हवेत, चेंडू वेळेवर यायला हवा. उंची आपल्याला काढता येत नाही. बाकीचं येतं.

जागेचं आधी बोलू. सेंटरनं रिंगजवळ एकदा पाय रोवले की उशीर झाला. ती धावत येत असतानाच तिच्या वाटेत जाऊन उभं राहायचं, गुडघे वाकवून, कंबर तिच्यापेक्षा खाली ठेवून. इथे बुटकेपणाचा फायदाच होतो. चेंडू तिला तीन हात बाहेर मिळाला तर तिला ड्रिबल करावा लागतो, आणि उंच मुलीचा ड्रिबल आपल्या छोट्या गार्डच्या हाताला सहज लागतो. शिवाय तिच्या संघाकडे चेंडू असताना त्या आखलेल्या पट्ट्यात तिला सलग तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही.

तरी ती आत आलीच, तर तिच्या मागे राहू नका. ती आणि चेंडू यांच्या मध्ये या. मग डोक्यावरून उंच पास येणार. तो हवेत आहे तेवढ्यात पलीकडची आपली मुलगी मागून पोचली पाहिजे. कबड्डीतली साखळीच ही, बरं का. एकटीनं पकड केली आणि मागून कोणी आलं नाही तर काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. पण बहुतेक संघ चुकतात ते आणखी अलीकडे. चौघी सेंटरकडे बघत राहतात आणि चेंडू जिच्या हातात आहे तिला मोकळं सोडतात. तिच्या डोळ्यांपुढे हात असला तर तो पास नेमका पडतच नाही.

२०१३ साली अमेरिकेतल्या कॉलेज स्पर्धेत हे दिसलं. बेलर विद्यापीठाची ब्रिटनी ग्रायनर सहा फूट आठ इंच उंच. आदल्या वर्षी बेलरनं ४० पैकी ४० सामने जिंकलेले. लुईव्हिलच्या मुलींनी तिला पुढून-मागून घेरलं, तिला १४ गुणांवर रोखलं आणि सामना ८२-८१ असा जिंकला. पण आकडे नीट बघा: बेलरचे ८१ गुण झालेच. एकीला दोघींनी घेरलं की दुसरी कोणी मोकळी राहते, ती किंमत मोजावीच लागते. लुईव्हिलनं ती तीन गुणांच्या १६ बास्केट टाकून भरून काढली. पंचांनी धसमुसळेपणा चालू दिला, अशी तक्रारही तेव्हा झाली. आम्हाला त्यात तथ्य वाटतं. उंच मुलीला धक्का लागतच नाही, असं का कोण जाणे सगळे धरून चालतात. तुमच्यातल्या उंच मुलींनी मान हलवली, ती दिसली आम्हाला.

म्हणून हात सरळ वर, खाली झटका नाही. आणि शॉट गेला की चेंडूकडे बघत उभं न राहता आधी तिला पाठीनं अडवा, मग रिबाउंड.

आता मैदानावर चला. आमचे गुडघे गेले. करून दाखवायचं काम तुमच्या प्रशिक्षक मॅडम करतील. पहिली दहा मिनिटं चेंडू आणू नका, नुसती जागा अडवा.