पत्ता कोणाचा? : आंतरजालावरील वांटपाची परिभाषा

शिवाजी पेठेंत निवृत्ति चौकाच्या जवळ एक छापखाना आहे, अशी कल्पना करा. तेथें एक संगणक अहोरात्र चालू असतो. बाहेरगांवचे प्रकाशक आपलीं हस्तलिखितें त्यावर पाठवितात, आणि त्यासाठीं प्रत्येकानें त्याचा आंकडी पत्ता आपल्या यंत्रांत नोंदवून ठेवला आहे. एके दिवशीं मालक जुन्या इंटरनेट कंपनीची सेवा सोडून दुसरीची घेण्याचें ठरवितात. कंपनी बदलली तरी मोबाईलचा क्रमांक आपल्याजवळ राहतो. तसाच हा पत्ताही राहील, असें त्यांस वाटतें. तो राहील कीं जाईल, हें नोंदवहींतील एका शब्दावर अवलंबून आहे. तो शब्द कोणता, हें आज पाहूं.

हा पत्ता म्हणजे एक संख्या. प्रचारांतील चौथ्या आवृत्तींत ती शून्य व एक या दोनच अंकांनीं लिहिलेली, ३२ स्थानांची असते. म्हणून असे पत्ते साऱ्या जगांत मिळून ४२९ कोटींहून थोडे अधिक. जागतिक सांठ्यांतील शेवटचे मोठे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजीं वांटले गेले. आपल्या विभागांत २०१९ पासून नव्या अर्जदारास जास्तींत जास्त ५१२ पत्ते मिळूं लागले. वस्तु दुर्मिळ झाली, कीं ती कोणाकडे कोणत्या नात्यानें आहे, हें नेमकें लिहून ठेवावें लागतें.

हें लिहिण्याचें काम पायरीपायरीनें चालतें. वर 'आयाना' ही जागतिक व्यवस्था. तिच्याखालीं पांच विभागीय नोंदणीसंस्था. आपला विभाग ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन येथील 'एपनिक'कडे आहे, आणि २०१२ पासून भारतासाठीं 'आयआरआयएनएन' ही राष्ट्रीय नोंदणीसंस्था आहे.

आतां परिभाषेकडे वळूं. पहिली जोडी 'ॲलोकेशन' आणि 'असाइनमेंट' यांची. आपण त्यांस वांटप व नेमणूक म्हणूं. पुढें दुसऱ्यांस देण्यासाठीं कंपनीच्या स्वाधीन केलेला गट म्हणजे वांटप. घेणाऱ्यानें स्वतःच वापरावयाचा तो नेमणूक. बाजारांत अडत्याकडे आलेले गुळाचे रवे आणि घरीं खाण्यासाठीं आणलेला एक रवा यांत जो भेद, तोच येथें. गूळ तोच, पण नातें निराळें.

दुसरी जोडी 'पोर्टेबल' व 'नॉन-पोर्टेबल' यांची; आपण सुवाह्य व बद्ध म्हणूं. नोंदणीसंस्थेकडून थेट मिळालेला पत्ता सुवाह्य. सेवा देणारी कंपनी बदलली तरी तो धारकाबरोबर जातो. कंपनीच्या गटांतून मिळालेला तो बद्ध. सेवा सुटली कीं तो कंपनीला परत करावयाचा.

मग सर्वांस सुवाह्यच पत्ते कां देऊं नयेत? त्याचें कारण टपालाच्या दृष्टांतानें कळेल. दूरच्या टपाल कचेरींत पाकिटावरील 'कोल्हापूर' एवढाच शब्द पाहून तें थैलींत पडतें. पेठ व गल्ली पाहण्याचें काम कोल्हापुरांत होतें. त्याचप्रमाणें एका कंपनीच्या हजारों ग्राहकांसाठीं जगभरच्या मार्गदर्शक यंत्रांत एकच नोंद पुरते. प्रत्येक ग्राहक स्वतंत्र पत्ता घेऊन फिरूं लागला, तर प्रत्येकाची वेगळी नोंद सर्वत्र ठेवावी लागेल, आणि तो भार सर्वांवर पडेल. म्हणून सुवाह्य पत्ता मागणाऱ्यास गरज दाखवावी लागते व शुल्कही भरावें लागतें.

आपल्या छापखान्याची नोंद 'बद्ध नेमणूक' अशी आहे. तेव्हां मालकांस पत्ता परत करून प्रत्येक प्रकाशकास नवा कळवावा लागेल. त्यांत कोणी त्यांच्यावर अन्याय केला असें नाहीं. करार करतांना तो शब्द त्यांनीं वाचला नाहीं, एवढेंच.

एका शब्दानें काय होतें, हें कोल्हापूरकरांस नव्यानें सांगावयास नको. १९१८ सालीं छत्रपति शाहू महाराजांनीं महार वतनें रद्द करून त्या जमिनी कसणारांच्या नांवें रयतावा केल्या. माती तीच, कसणारे हातही तेच. परंतु दप्तरांत 'वतन' होतें तोंवर जमिनीबरोबर वेठ चिकटलेली होती, आणि 'रयतावा' झाल्यावर ती सुटली.

मात्र येथें एक सावधगिरी हवी. सुवाह्य पत्ता ही देखील मिरास नव्हे. एपनिकच्या धोरणाप्रमाणें पत्ते कोणाच्याही मालकीची मिळकत नाहींत. ते वापराच्या परवान्यानें दिलेले असतात, आणि ते दुसऱ्याकडे सोंपवावयाचे तर नोंदणीसंस्थेच्या नियमांनींच सोंपवावे लागतात. सहाव्या आवृत्तीचे पत्ते १२८ स्थानांचे असल्यामुळें विपुल आहेत. तरी वांटप व नेमणूक हा भेद तेथेंही कायम आहे, कारण तो टंचाईपुरता नसून जबाबदारीचा आहे.

म्हणून आपल्या संस्थेसाठीं, दुकानासाठीं वा शाळेसाठीं असा पत्ता घेतांना दर व वेग विचारावा, तसाच हाही प्रश्न विचारावा: हा पत्ता बद्ध कीं सुवाह्य? उत्तर लेखी घ्यावें, आणि मगच सही करावी.