शॉन शर्मनचं स्वयंपाकघर: रेशनच्या डब्यापासून आजीच्या कंदापर्यंत



आज एका स्वयंपाक्याची गोष्ट सांगणार आहे. तो राहतो अमेरिकेत, पण त्याच्या चुलीवरचे तीन जिन्नस तुमच्या परड्यातही असतात. मका, श्रावणघेवडा आणि लाल भोपळा. ही तिन्ही पिकं मूळची अमेरिका खंडातली. तिथल्या मूळ रहिवाशांनी ती हजारो वर्षं जपली. आपल्याकडे ती आली गेल्या चार-पाचशे वर्षांत.

या स्वयंपाक्याचं नाव शॉन शर्मन. जन्म 1974 सालचा, साउथ डकोटा राज्यातल्या पाइन रिज या राखीव वस्तीत. समाज ओग्लाला लकोटा. हे लोक पूर्वी बायसन नावाच्या रानगव्यावर जगायचे. मांस खायचे, कातडं पांघरायचे. एकोणिसाव्या शतकात शिकाऱ्यांनी बायसनचे कळपच्या कळप मारले. जिथं कोट्यवधी जनावरं होती तिथं शतक संपता संपता जेमतेम हजारभर उरली. जमीन सरकारनं घेतली, माणसं राखीव वस्त्यांत बसवली आणि पोटाला रेशन दिलं.

रेशनमध्ये काय यायचं? पांढरं पीठ, चरबी, साखर. त्यातून तिथल्या बायांनी तळलेली रोटी काढली. आपल्या मैद्याच्या पुरीसारखीच, जरा जाड. त्या बायांना नावं ठेवू नका बरं का. हातात दुसरं काही नसताना त्यांनी लेकरं त्याच रोटीवर जगवली. पण अडचणीच्या काळातलं ते खाणं पुढं रोजचं झालं. शॉनच्या लहानपणीही घरात सरकारी वाटपाचे डबे असायचे. डब्यातलं मांस, डब्यातली भाजी, दुधाची पावडर, चीजची मोठी वडी.

आज अमेरिकेत मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त आहे ते या मूळ रहिवाशांच्या समाजांत. त्याला गरिबी, औषधपाण्याची गैरसोय अशी बरीच कारणं आहेत. पण ताटातून जुनं अन्न गेलं, हे त्यातलं एक मोठं कारण.

शॉन तेराव्या वर्षी हॉटेलात कामाला लागला. भांडी घासली, भाज्या चिरल्या आणि तिशी गाठायच्या आत मिनियापोलिस शहरात मुख्य शेफ झाला. सगळे पदार्थ युरोपातले. काम इतकं की तो थकून गेला आणि थोडे दिवस मेक्सिकोत समुद्रकाठच्या एका गावी जाऊन राहिला. तिथं विचोल आदिवासींची कला, त्यांचं जगणं त्यानं पाहिलं. त्यांचं त्यांच्या मातीशी असलेलं नातं तुटलं नव्हतं. तेव्हा त्याच्या मनात आलं, मला युरोपातले शेकडो पदार्थ तोंडपाठ आहेत, पण माझ्या लकोटा पणजीच्या चुलीवर काय शिजायचं ते मला कुठं माहीत आहे?

मग त्यानं आठवायला सुरुवात केली. लहानपणी माळावर फिरून तिंप्सिला नावाचा कंद खणून आणायचे. सोलून, लसणाच्या जुडीसारखी वेणी घालून वाळवायचे. रानातली आंबट-तुरट चेरी गोळा करून तिचा दाट रस करायचे, त्याला म्हणतात वोजापी. तेवढ्या दोन धाग्यांवरून तो पुढं गेला. म्हाताऱ्या माणसांना विचारलं, जुनी पुस्तकं वाचली, रानातली झाडं ओळखायला शिकला.

2014 मध्ये त्यानं स्वतःचं काम सुरू केलं. नियम साधा: युरोपातले लोक यायच्या आधी इथं जे नव्हतं, ते माझ्या स्वयंपाकात नाही. म्हणजे गव्हाचं पीठ नाही, दूध नाही, उसाची साखर नाही, गोमांस, डुक्कर, कोंबडी नाही. मग उरलं काय? मका, घेवडा, भोपळा, बायसन, मासे, रानातली फळं, मेपल झाडाचा गोड रस. आणि तळ्यात उगवणारा रानतांदूळ. तो काढायला दोघं होडीतून जातात. एक होडी ढकलतो, दुसरा काठ्यांनी कणसं झोडतो. काही दाणे होडीत पडतात, काही पाण्यात. पाण्यातले पुढच्या वर्षी उगवतात.

2021 मध्ये मिनियापोलिसला नदीकाठी त्याचं आणि त्याच्या सहकारी बाईंचं ओवामनी हे हॉटेल उघडलं. 2022 मध्ये अमेरिकेतलं सर्वोत्तम नवं हॉटेल म्हणून त्याला जेम्स बियर्ड पुरस्कार मिळाला. आता तुम्ही म्हणाल, शहरातल्या महागड्या हॉटेलानं वस्तीतल्या बाईचा मधुमेह कसा बरा होणार? प्रश्न बरोबर आहे. म्हणूनच त्यानं एक संस्था काढली आणि शिकवण्याचं स्वयंपाकघर उभं केलं. तिथं समाजातली माणसं हे जुने जिन्नस शिजवायला शिकतात.

आता थोडं समजून घेऊ, की या अन्नात विशेष काय. दाण्याचा कोंडा आणि अंकुर काढून टाकला की उरतो पिठूळ भाग. तो पटकन पचतो आणि रक्तातली साखर भरकन चढते. अख्ख्या दाण्यात चोथा असतो, त्यामुळं साखर सावकाश चढते. दुसरं, मक्याच्या प्रथिनात जे कमी पडतं ते घेवडा भरून काढतो. आपण भाकरीबरोबर पिठलं, डाळ, उसळ खातो, त्याचं गणितही हेच.

तिसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तिथल्या बाया मका राखेच्या किंवा चुन्याच्या पाण्यात शिजवून, मुरवून, चोळून धुवायच्या. त्यानं मक्यातलं ब-3 जीवनसत्त्व मोकळं होऊन अंगी लागतं. मका युरोपात गेला, पण ही रीत गेली नाही. मग नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा रोग झाला. कातडी काळवंडायची, जुलाब लागायचे, भ्रम व्हायचा, माणसं दगावायची. बियाणं गेलं आणि बायांचं ज्ञान मागं राहिलं, त्याची ही किंमत. मक्याबरोबर डाळ, शेंगदाणे खाल्ले, तर ती भीती बरीच कमी होते.

आपल्याकडेही रेशनच्या गहू-तांदळानं कितीतरी घरांतली ज्वारी, बाजरी, नाचणी मागं सारली. त्या धान्यानं भूक भागवली, हे विसरायचं नाही. पण नाचणीची आंबील, वरईची खिचडी, पावसाळ्यातला टाकळा, कुर्डू, घोळ हे करणारे हात आता म्हातारे झालेत. ते गेले की रीतही गेली.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. साखर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करायच्या नाहीत, आणि भाकरीही मोजूनच खायची. दुसरं, जुनं अन्न म्हणजे घरातल्या एकाच बाईच्या पाठीवर जास्तीचं ओझं, असं होऊ द्यायचं नाही. निवडणं, पाखडणं, दळणं गटानं मिळून करा. घरातल्या पुरुषांना आणि पोरांनाही कामाला लावा.

तर पुढच्या बैठकीला येताना एक काम करा. घरातल्या किंवा शेजारच्या सगळ्यात थोरल्या बाईला विचारा, तुमच्या सासूच्या हाताखाली असताना काय काय शिजायचं, जे आता शिजत नाही? तीन पदार्थांची नावं लिहून आणा, कृतीसकट. लिहिता येत नसेल तर मोबाइलवर आवाज भरून आणा. त्यातला एक पदार्थ तिथंच, सगळ्याजणी मिळून करून बघू.